पिसारोच्या चित्रातला बगीचा की बाग?

फ्रान्समध्ये काम केलेला चित्रकार कामीय पिसारो याच्या १८८८ सालच्या सफरचंदांच्या तोडणीच्या चित्राविषयी लिहिताना ‘बगीचा’ म्हणावे की ‘बाग’, असे एका वाचकाने विचारले आहे. बागच म्हणावे. दृक्प्रत्ययवादी (इम्प्रेशनिस्ट) चित्रांच्या परिचयांत ‘बगीच्यात राबणारे शेतकरी’ अशी वाक्ये वारंवार वाचावी लागतात आणि ती दर वेळी खटकतात. ‘बगीचा’मधला ‘चा’ हा फार्सीतील लघुत्वदर्शक, म्हणजे वस्तू लहान असल्याचे सांगणारा, प्रत्यय आहे आणि मराठीत तर या शब्दासरशी फुलांचे ताटवे व बाकडी डोळ्यांपुढे येतात. पिसारो १८८४ पासून राहत होता त्या एरान्यी गावच्या या चित्रात मात्र लांब काठीने फळे पाडणारा गडी आहे, ती वाकून वेचणारी बाई आहे आणि झाडाखालची जांभळट सावली बारीक ठिपक्यांनी भरलेली आहे. चित्रकार मोनेने जिव्हेर्नी गावी फुलवला त्याला खुशाल बगीचा म्हणावे.

खरा आनंद पुढे आहे. ‘बाग’ शब्दापुढे ‘फार्सी’ एवढेच लिहून थांबणारे कोशकार अर्धेच काम करतात, आणि तो संस्कृत ‘भाग’ शब्दाचा अपभ्रंश आहे असे ठासून सांगणारे तर सरळ चुकतात. हे दोन शब्द मायलेकी नसून भावंडे आहेत. मूळचा ‘भ’ संस्कृतने राखला आणि इराणी भाषांत त्याचा ‘ब’ झाला, म्हणून भ्रातृ–बिरादर (भाऊ) आणि भार–बार (ओझे) या संस्कृत–फार्सी जोड्या दिसतात. त्याच नियमाने ‘भाग’ म्हणजे वाटा आणि ‘बाग’ म्हणजे वाट्याला आलेली जमीन. नाशिककडचा द्राक्ष बागाईतदार ‘बाग छाटली’ म्हणतो तेव्हा जमीन, वेली आणि येणारे पीक हे सारे त्या एका शब्दात असते. हा जुन्या ‘वाट्या’चाच अर्थ मराठीत पुन्हा जागा झाला आहे, असे माझे ठाम मत आहे, मग व्युत्पत्तीचे अभ्यासक त्याला योगायोग म्हणोत.

फ्रेंच लोक अशा फळबागेला ‘व्हेर्जे’ म्हणतात आणि तो शब्द हिरवेपणा सांगणाऱ्या लॅटिन ‘विरिदिस’वरून आला आहे. त्यांच्या शब्दाने झाडांचा रंग धरला, आपल्या शब्दाने त्या झाडांखाली वाकलेल्या माणसांचा वाटा धरला. पिसारोने एकाच चित्रात दोन्ही रंगवले आहेत.