रँचवरच्या, म्हणजे मोठ्या कुरणांवर गाई पाळण्याच्या, आयुष्यात सगळ्यात अवघड काय असतं? थंडी, एकटेपणा की कष्ट?

माझ्यापुरतं सांगायचं तर या तिन्हींपैकी एकही नाही. जूनमध्ये पावसाने दडी मारली की किती गाई विकायच्या हे ठरवणं, यासारखं अवघड काही नाही.

मी लग्न होऊन अमेरिकेत नेब्रास्का राज्यातल्या सँडहिल्स भागात आले. सासरचा गाईंचा रँच चेरी काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) आहे. काउंटी सुमारे १५,५०० चौरस किलोमीटरची आणि माणसं सहा हजारांच्या आत. एकटेपणा आहेच, पण त्याची सवय होते. इथल्या टेकड्या निव्वळ वाळूच्या आहेत, गवताच्या मुळांनी धरून ठेवल्यात म्हणून जागेवर आहेत. १९०४ च्या किंकेड कायद्याने इथे वस्ती करणाऱ्याला ६४० एकरांपर्यंत जमीन मिळायची. अनेकांनी नांगर घातला, वाळू उडायला लागली आणि शेवटी जमिनी विकून लोक निघून गेले. म्हणून इथे पीक एकच, गवत. गाय हे ते गवत विकण्याचं साधन: ती गवत खाते आणि आम्ही तिचं वासरू विकतो.

कष्टांचं म्हणाल तर गाई व्यायच्या दिवसांत झोप नसते. मार्चच्या बर्फात जन्मलेलं वासरू ओलं असतं. गाईने चाटून कोरडं केलं, ते उठून आचळाला लागलं, तर बहुतेक वेळा निभावतं. पहिलारू गाय कधी कधी वासराकडे बघतसुद्धा नाही. मग त्याला पोत्याने खसाखसा पुसायचं, पिकअपच्या हीटरसमोर ठेवायचं आणि नळीने चीक पाजायचा. जगलं तरी कधी कधी गारठलेल्या कानांची टोकं गळून पडतात.

थंडीपेक्षा जास्त वासरं हगवणीने जाऊ शकतात. त्यावर इथे एक पद्धत निघाली, ती मला फार आवडते. दर आठवड्याला व्यालेल्या गाई वासरांसह मागे ठेवायच्या आणि गाभण गाई पुढच्या स्वच्छ कुरणात न्यायच्या. आधी जन्मलेल्या वासरांच्या शेणातून रोग नवजात वासरांपर्यंत पोचतो, ती साखळीच तुटते. खर्च कुंपणाचा आणि मेहनतीचा, औषधाचा नाही.

आता मूळ मुद्दा. इथलं बहुतेक गवत मे ते जुलैत वाढतं. तेवढ्यात पाऊस झाला नाही तर ऑगस्टमध्ये कितीही पडला तरी ती वाढ भरून येत नाही. निम्मं चरू द्यायचं, निम्मं राखायचं, हा जुना नियम. तो मोडला की पाणवठ्याजवळ वाळू उघडी पडते, वारा तिथे खड्डा कोरतो आणि खड्डा पसरत जातो. तो बुजवायला कुंपण घालावं लागतं, जुनं वाळलेलं गवत पसरावं लागतं आणि काही वर्षं वाट बघावी लागते.

म्हणजे गाई कमी करायच्या. पण दुष्काळ एकट्याचा नसतो. २०१२ हे नेब्रास्काचं नोंदीतलं सगळ्यात कोरडं वर्ष. अशा वर्षी सगळेच गाई बाजारात आणतात आणि भाव पडतो. पाऊस परत आल्यावर कळप उभा करणं आणखी कठीण. घरची कालवड ठेवली तर ती दोन वर्षांची झाल्यावर विते आणि तिचं वासरू विकून पैसा येईपर्यंत ती अडीच वर्षांची होते. आमची कमाई वर्षातून एकदाच, शरद ऋतूत वासरं विकली की. त्यामुळे एक चुकीचा उन्हाळा बँकेच्या हप्त्यात कितीतरी वर्षं दिसतो.

माझ्या सासूबाई प्रत्येक गाय तिच्या आईच्या नावाने ओळखतात. विकायच्या गाईंची यादी करायला बसलं की त्या गप्प होतात, आणि ते मला समजतं. आधी म्हाताऱ्या आणि गाभण न राहिलेल्या जातात, मग उशिरा विणाऱ्या. तरुण गाईंना शेवटपर्यंत हात लावायचा नाही. माझ्या मते हा निर्णय त्या त्या वेळच्या मनःस्थितीवर सोडूच नये. आम्ही तारीख ठरवून ठेवलीय. जूनच्या मध्याला सगळी कुरणं पायी फिरून बघायची, त्याच रात्री आकडा ठरवायचा आणि जुलैत ढग दिसले म्हणून तो बदलायचा नाही.