टोरांटोत रोज चालवायच्या गाडीला, हिवाळ्याचा विचार करून, कोणते कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर एकत्र असलेलं, उंची बदलता येणारं सस्पेन्शन) घ्यावेत?

आधी कॉइलओव्हरची बॉडी (आटे पाडलेली बाहेरची नळी) कशाची आहे ते बघा, डॅम्पिंगचं (धक्के कसे जिरवतो त्याचं) नंतर. इथल्या रस्त्यावरचं मीठ आट्यांत शिरतं आणि उंची बदलायची रिंग अशी जाम होते की पाना लावून लोंबकळलं तरी हलत नाही. माझ्या पहिल्या सेटची रिंग दोनच हिवाळ्यांनंतर कापून काढावी लागली. म्हणून केडब्ल्यू या जर्मन सस्पेन्शन कंपनीच्या इनॉक्स-लाइनसारखी स्टेनलेस स्टीलची बॉडी घ्या, पैसे जास्त गेले तरी चालतील. वरचे माउंट (कॉइलओव्हर गाडीला जोडणारे) रबराचेच हवेत. धातूचे सांधे मीठ-पाण्याने लवकर खडखडायला लागतात.

नोव्हेंबरात आटे ब्रशने घासून, सुकवून टेफ्लॉनचा कोरडा स्प्रे मारा (ग्रीस नको, त्याला वाळू चिकटते) आणि गाडी दोन-तीन सेंटिमीटर वर घ्या. उंची बदलली की अलाइनमेंट करून घ्याच.