दुरुस्तीची वेळ आणि वय

चौदा वर्षं हॉस्पिटलात नाइट करते. सासूबाई म्हणतात, वयाआधी म्हातारी होशील. खरं आहे का?

ताई, त्यांची काळजी अनाठायी नाही. मेंदूत सुमारे २० हजार पेशींचं मुख्य घड्याळ असतं, ते डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावर वेळ जुळवतं. यकृत, त्वचा, स्नायू यांच्या पेशींनाही आपापलं घड्याळ असतं. झोप आणि भूक तर ही घड्याळं ठरवतातच, पण पेशीतली डागडुजी केव्हा होणार हेही तीच ठरवतात. मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे.

डीएनए दुरुस्तीवरच्या कामासाठी २०१५ चं नोबेल मिळालेले अझीझ सँकार यांच्या प्रयोगशाळेनं २०११ मध्ये उंदरांच्या एका गटाला पहाटे चारला आणि दुसऱ्याला दुपारी चारला सारखेच अतिनील किरण दिले. पहाटेच्या गटात त्वचेचा कॅन्सर सुमारे पाचपट झाला. किरण तेच, मात्रा तीच. पण पहाटे त्यांच्या त्वचेत एक्सपीए हे दुरुस्तीचं प्रथिन सगळ्यात कमी असतं. (उंदीर रात्री जागतो, म्हणून या वेळा माणसाला जशाच्या तशा लावू नका.)

रात्रपाळीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २००७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये ‘बहुधा कर्करोगकारक’ म्हटलं. त्यातून पुरावा किती पक्का ते कळतं, तुमचा धोका किती ते नाही. तेव्हा घाबरू नका, पण सिस्टरना सांगून रोस्टर बदलून घ्या. पाळी दर आठवड्याला उलटसुलट नको. फिरवायचीच तर सकाळ, दुपार, रात्र या क्रमानं, म्हणजे वेळ दर खेपेला पलीकडे सरकेल, अलीकडे नाही. २००६ च्या एका प्रयोगात म्हाताऱ्या उंदरांचा दिवस दर आठवड्याला सहा तास अलीकडे ओढला, तेव्हा आठ आठवड्यांत ४७ टक्केच वाचले. पलीकडे ढकलला त्यातले ६८, आणि ज्यांचा हलवलाच नाही त्यातले ८३ टक्के.

घड्याळ बिघडल्यानं म्हातारपण येतं, की म्हातारपणामुळं घड्याळ बिघडतं?

दोन्ही. बीमॅल-१ हा घड्याळाचा जनुक जन्मापासूनच नसलेले उंदीर सरासरी ३७ आठवडेच जगले. स्नायू झडले, मोतीबिंदू झाले. एरवी उंदीर दोनेक वर्षं जगतो. मात्र हाच जनुक मोठेपणी बंद केला तेव्हा आयुष्य तसं घटलं नाही. म्हणून सगळं खापर घड्याळावर फोडणं मला पटत नाही.

वय रोखायला मेलाटोनिन (झोपेचं हॉर्मोन) घेऊ का?

नको. झोपेसाठी हवं असेल तर डॉक्टरांना विचारा, आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी ते सांगा.

वडील ७६ वर्षांचे. आठलाच पेंगतात, तीनला उठून बसतात.

वयाबरोबर घड्याळ अलीकडे सरकतं. त्यात डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं आणि घड्याळाला हवा असलेला निळा उजेड आत कमी पोचतो. मोतीबिंदू तपासून घ्या. संध्याकाळी पाचला त्यांना टीव्हीसमोरून उठवून बाहेर उजेडात फिरवून आणा. तीनला उठलेच तर ट्यूबलाइट लावू नका. बाथरूमपर्यंत मंद पिवळा दिवा पुरे.