लिव्हरवरचे डाग जाळायचे की कापायचे?

प्रश्न: डॉक्टर, माझ्या बाबांना (वय ६७) मोठ्या आतड्याचा कॅन्सर होता, दोन वर्षांपूर्वी ऑपरेशन आणि केमो झाली. आता सीटीमध्ये लिव्हरवर दोन डाग दिसलेत, एक २.२ सेमी आणि दुसरा १.४. आमचे डॉक्टर म्हणतात सुई घालून मायक्रोवेव्हने जाळून टाकू. काका म्हणतात सुई टोचली की कॅन्सर पसरतो, कापूनच काढा. शेजारचे तर म्हणाले की आता लिव्हरचा कॅन्सर झाला, संपलं सगळं. बाबांना पेसमेकर पण आहे. काय करू? — एक वाचक, सांगली

उत्तर: ताई, आधी शेजाऱ्यांचं बघू. बाबांना लिव्हरचा कॅन्सर झालेला नाही, आतड्याचाच कॅन्सर लिव्हरमध्ये जाऊन बसलाय. आतड्याचं रक्त एका मोठ्या शिरेतून आधी लिव्हरमध्येच जातं, म्हणून पहिला मुक्काम बऱ्याचदा तिथेच असतो. आणि डाग दोनच असतील, बाकी कुठे काही नसेल, तर "संपलं" म्हणायची घाई अजिबात करू नका, अशातले काही पेशंट पूर्ण बरे झालेत.

आता जाळणं म्हणजे काय, तर भूल देऊन सीटी किंवा सोनोग्राफीवर बघत बघत एक लांब सुई गाठीत नेतात आणि तिच्या टोकातून मायक्रोवेव्ह सोडतात. आपल्या किचनमधल्या ओव्हनचंच तत्त्व आहे हो, पाण्याचे कण इतके हलतात की आजूबाजूचा भाग तापतो, ६० डिग्रीच्या वर गेलं की पेशी जवळजवळ लगेच मरतात. गाठीबरोबर भोवतीची थोडी चांगली जागाही मुद्दाम जाळतात, कमीत कमी ५ मिमी, जमलं तर १० मिमी. ही कड नीट मिळाली की नाही यावरच सगळा खेळ आहे, काठावर चार पेशी राहिल्या तर गाठ तिथूनच परत येते.

काकांची भीती अगदी खोटी नाही, सुईच्या वाटेवर पेशी सांडू शकतात, पण ते क्वचित होतं आणि सुई बाहेर काढताना ती वाटही जाळत येतात. "कापूनच काढा" हे मात्र जुनं झालं. नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी कोलिजन नावाचा अभ्यास केला, त्यात आतड्यातून लिव्हरमध्ये गेलेल्या, ३ सेमीपर्यंतच्या, जास्तीत जास्त १० गाठी असलेले पेशंट घेतले, निम्म्यांना ऑपरेशन, निम्म्यांना जाळणं. २०२४ मध्ये निकाल आला. जगण्याच्या बाबतीत जाळणं मागे पडलं नाही, त्रास कमी झाला आणि पेशंट लवकर घरी गेले. बाबांच्या दोन्ही गाठी त्या मापात बसतात.

पण माप बसलं म्हणून झालं असं नाही, गाठ कुठे आहे ते विचारा. मोठ्या रक्तवाहिनीला चिकटून असेल तर वाहतं रक्त उष्णता ओढून नेतं (गरम तव्यावर पाण्याची धार सोडल्यासारखं) आणि ती बाजू कच्ची राहते, मायक्रोवेव्हमध्ये हा त्रास जुन्या रेडिओफ्रीक्वेन्सीपेक्षा (म्हणजे सुईतून विजेचा करंट सोडून जाळायच्या पद्धतीपेक्षा) कमी, पण असतोच. मुख्य पित्तनलिकेजवळ असेल तर नलिकाच भाजू शकते, तिथे मी तरी ऑपरेशनचा विचार आधी करेन. म्हणून सर्जन, केमोचे डॉक्टर आणि सुई घालणारे इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट असे तिघांनी एकत्र बसून स्कॅन बघितलाय का, हे आधी विचारा. केमो लागेल का तेही तिथेच ठरेल.

नंतर दोन-चार दिवस ताप, अंग मोडून येणं, उजव्या बाजूला दुखणं होतं, ते चालतं. थंडी वाजून जोराचा ताप आला, किंवा आठवडा झाला तरी ताप हटेना, तर लगेच दाखवा, जाळलेल्या जागी पू होऊ शकतो. आणि पहिल्या सीटीत डाग आधीपेक्षा मोठा दिसेल, घाबरून मला परत पत्र लिहू नका! तो जळलेला भाग आहे, हळूहळू आकसतो. पुढे दर तीन-चार महिन्यांनी स्कॅन चुकवायचा नाही, नवीन डाग दिसला तर बऱ्याचदा परत जाळता येतो.

पेसमेकरचं विचारलंत ते बरं केलंत. रेडिओफ्रीक्वेन्सीत करंट अंगातून मांडीवरच्या पॅडपर्यंत जातो, मायक्रोवेव्हमध्ये तसं नसतं, म्हणून ते जास्त सोयीचं. तरी हार्टच्या डॉक्टरांना आधी कळवा, पेसमेकर आधी आणि नंतर तपासून घ्या, आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती कधी थांबवायची ते त्यांनाच ठरवू दे, स्वतःच्या मनाने बंद करू नका.