बेळगावहून डिसेंबरात 125 सीसीवर कच्छच्या रणात जाणं जमेल का? मित्र म्हणतात मोठी गाडीच पाहिजे

जमतं. आणि मोठी गाडी पाहिजे म्हणणारे तुमचे मित्र स्वतः कधी कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरच्या कोगनोळी नाक्याच्या पुढे बाईक घेऊन गेलेत का, ते आधी विचारून घ्या.

तुम्ही रस्ता, थंडी, कपडे आणि खर्च असं सगळं विचारलंय. ते सांगतो. पण प्रश्नाच्या शेवटी तुम्ही जे लिहिलंय, की "लहान गाडीमुळे बाकीच्यांची ट्रिप बिघडेल का", ते वाचून हात शिवशिवले. हे वाक्य मी आमच्याकडच्या प्रत्येक लग्नात, बारशात ऐकत आलोय. ऐकवणारा माझा सख्खा मेव्हणा. निपाणीचा पोरगा, नोकरी पुण्यात, साडेतीनशे सीसीची जाड टायरची गाडी, तिला दोन्ही बाजूंनी लोखंडी पेट्या. माझी आपली जुनी शाइन, 125, चोकवाली. मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवर जॉबवर्क करतो, त्यामुळे गाडीचं आतलं बाहेरचं मला कुणी शिकवायची गरज नाही.

आधी थंडी, कारण तिथेच सगळे फसतात. "वाळवंट म्हणजे उकाडा" हे डोक्यातून काढा. मेव्हण्याचं म्हणणं होतं, "दाजी, बेळगावच्या थंडीत वाढलोय आपण, आम्हाला कसली थंडी सांगतायसा?" आपल्याकडे डिसेंबरात पहाटे धुकं असतं, हवेत ओल असते, 13-14 अंशाला स्वेटर घालून आपण मिरवतो. कच्छात हवा कोरडी आणि आभाळ मोकळं. दिवसभर जमिनीने घेतलेली ऊब सूर्य बुडाला की सरळ वर निघून जाते, तिला अडवायला ना ढग ना दमटपणा. त्यात उत्तरेचा वारा. गुजरातेत हिवाळ्यात सगळ्यात गार म्हणून पेपरात ज्याचं नाव येतं ते नलिया कच्छातच आहे. वर तुम्ही गाडीवर. हवा 5 अंश असली आणि गाडी 60 ने चालली, तर अंगाला ती उणे 2 सारखी लागते. दुपारी मात्र त्याच रस्त्यावर घाम येतो. म्हणून एकच जाड जॅकेट नको, एकावर एक काढता-घालता येतील असे कपडे घ्या.

मेव्हण्याचं जॅकेट भारी किमतीचं होतं, पण जाळीचं. म्हणजे उन्हाळ्यात वारा आत यावा म्हणून बनवलेलं. त्याचं आतलं उबदार अस्तर त्याने पुण्यात कपाटात ठेवलं होतं, कारण "वाळवंटात चाललोय". भुजहून पहाटे निघालो आणि खावड्याच्या वाटेवर त्याची बोटं क्लच दाबायला तयार होईनात. गाडी बाजूला घेऊन उभा राहिला तो बोलेचना, आणि आमचा मेव्हणा न बोलणं म्हणजे काय हे निपाणीत कुणालाही विचारा. माझ्या पिशवीत बायकोने दिलेल्या कडक भाकऱ्या 'तरुण भारत'मध्ये गुंडाळलेल्या होत्या. तो पेपर काढला, घड्या घालून त्याच्या छातीवर जॅकेटच्या आतून लावला. कागद वारा अडवतो, याहून स्वस्त इलाज नाही. लोकरी हातमोज्यांवर मोठ्या मापाचे रबरी हातमोजे चढवायला दिले. दहा मिनिटांत पुन्हा बोलायला लागला, तेवढं एक नुकसान झालं.

आता मूळ मुद्दा, गाडीचा.

कच्छच्या रणात वाळूच्या टेकड्या नाहीत. त्या हव्या असतील तर जैसलमेरला जा, समला. रण म्हणजे पावसाळ्यात समुद्राचं आणि नद्यांचं पाणी भरतं आणि हिवाळ्यापर्यंत आटत जातं अशी सपाट खारी जमीन. वर मिठाचा पांढरा थर, भाकरीच्या पापुद्र्यासारखा. खाली काळा चिखल, आणि तो डिसेंबरात बहुतेक वेळा ओलाच असतो. खावड्याहून धोळावीराकडे जाणारा जो सरळ रस्ता सगळे फोटोत दाखवतात, त्याच्या दोन्ही बाजूंना हेच आहे. 30 एक किलोमीटर डावी-उजवीकडे पांढरंच पांढरं. फोटो रस्त्यावर उभं राहून काढायचा असतो.

मेव्हण्याला गाडी मिठावर पाहिजे होती. मी म्हटलं, "उतरू नको रे, खाली दलदल आहे." तो म्हणाला, "दाजी, ह्या गाडीला रस्ता लागत नाही." आणि बांधाच्या उतारावरून खाली गेला. गाडीची दहा-बारा लांबी गेला असेल नसेल. आधी पापुद्रा मोडल्याचा आवाज आला, मग मागचं चाक बसलं. त्याने ॲक्सिलरेटर पिळला. पिळायचा नसतो. चाक जागच्या जागी फिरतं आणि स्वतःचा खड्डा स्वतः खणतं. एक्सलपर्यंत आत गेलं.

हिशेब साधा आहे. माझी गाडी 120 किलोच्या आत-बाहेर. त्याची 190 च्या वर, त्यात पेट्या, त्यात पाण्याचे कॅन, त्यात तो स्वतः. जमिनीला सीसी कळत नाही, वजन कळतं. माझी गाडी तिथे बुडालीच नसती असं मी म्हणत नाही, कारण मी ती उतरवलीच नाही.

काढली कशी तेही सांगतो, उपयोगी पडेल. आधी सगळं सामान उतरवलं. मग गाडी चक्क आडवी पाडली, म्हणजे चाक खड्ड्यातून वर येतं. आडवी पाडायला मेव्हणा तयार नव्हता, रंग खराब होईल म्हणे. पेट्रोल टाकीतून ठिबकायला लागलं तेव्हा त्याचा जीव वरखाली. खड्ड्यात घालायला तिथे दगड नाही, झुडूप नाही, काही नाही. माझ्याकडे घरचं काळं घोंगडं होतं, सीटवर बांधून आणलेलं. त्याच घोंगड्यावरून पुणे ते अहमदाबाद माझी टिंगल चाललेली, "दाजी, मेंढरं कुठं सोडली?" ते चौघडी करून खड्ड्यावर टाकलं, गाडी उभी केली. लोकर खरखरीत, टायरला पकड मिळाली. तेवढ्यात रस्त्यावर एक छकडो थांबला. छकडो म्हणजे तिकडची पुढे मोटरसायकल आणि मागे हौदा असलेली तीनचाकी. त्यातले चौघं उतरले, एक शब्द न विचारता दोर बांधला. पहिल्या गिअरमध्ये हळू क्लच सोडत, ढकलत, ओढत वर घेतली. पैसे घेईनात. गोकाकचं करदंट दिलं, ते घेतलं.

ह्या सगळ्यानंतर मेव्हणा घरी काय सांगतो? "दाजींच्या लहान गाडीमुळे अहमदाबादला पोचायला रात्र झाली." रात्र झाली हे खरं. का झाली? वडोदऱ्याला तो मोबाईलमध्ये बघत पुढे होता आणि त्याने आम्हाला थेट एक्सप्रेसवेच्या तोंडाशी नेलं. तिथे दुचाकीला बंदी आहे, मुंबई-पुणे एक्सप्रेसवेला आहे तशीच. परत फिरून जुना हायवे पकडण्यात तास गेला. शिवाय त्याची गाडी लिटरला तिशीच्या आसपास, माझी साठला कमी नाही. पंपावर कोण जास्त वेळा थांबलं असेल?

रस्ता. आपल्या बेळगावावरून जातो तोच 48 नंबरचा हायवे कोल्हापूर, पुणे, मुंबई, सुरत करत अहमदाबादला आणि पुढे उदयपूर, जयपूर, दिल्लीला जातो, त्यामुळे चुकायचं कारण नाही. पण मुंबईत शिरू नका. पुण्याहून नाशिक, वणी, सापुतारा, वघई, वांसदा करून चिखलीला पुन्हा हायवेला लागा. घाट सुंदर, ट्रक कमी. कागल ते साताऱ्यापर्यंत गेली काही वर्षं सहापदरीकरणाची डायव्हर्जनं आहेत, तो पट्टा अंधारात नको. अहमदाबादहून विरमगाम, ध्रांगध्रा, माळिया आणि सूरजबारीचा पूल ओलांडला की कच्छ. भुजपर्यंत एका बाजूचे तेराशेच्या वर किलोमीटर धरा. राष्ट्रीय महामार्गावर दुचाकीला टोल नाही.

आपली केए 22 ची पाटी बघून साताऱ्यात हमखास कोणी तरी विचारणार, "कर्नाटकातले? मराठी चांगलं बोलता की!" सवय असेलच तुम्हाला. कच्छात उलट, "बेंगलोर?" भचाऊला चहावाल्याला मी सांगितलं की बाबा, 1956 च्या 1 नोव्हेंबरला चंदगड सोडून आमचा बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूरला दिला, आणि त्याच दिवशी तुमचं कच्छ मुंबई राज्यात आलं. म्हणजे तुम्ही आत आलात तेव्हाच आम्हाला बाहेर काढलं. तो हसला आणि अजून एक कटिंग दिला. मेव्हणा म्हणाला, "दाजी, इथंपण सीमाप्रश्न?" निपाणीच्या माणसाने हे बोलावं.

गाडीचं बघायचं म्हणजे क्लच आणि ॲक्सिलरेटरची एकेक केबल, एक ट्यूब, एक प्लग सोबत. लहान गाडीचा फायदा हाच, की हे सगळं कुठल्याही तालुक्याच्या गावात मिळतं आणि मिस्त्री डोळे झाकून काम करतो. रणातून आल्यावर गाडी त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुऊन साखळीला तेल द्या. मीठ रात्रभर राहिलं की सकाळी साखळी तांबडी. पांढरं रण बघायला धोरडोला जायचं तर भिरंडियाऱ्याला परवाना काढावा लागतो, आधार आणि गाडीचे कागद जवळ ठेवा. पौर्णिमा टाळा, रणोत्सवाची गर्दी आणि दर दोन्ही तेव्हा चढलेले असतात. टाकी भुजलाच फुल्ल करा. धोळावीराला घाई करू नका. हडप्पा काळातल्या लोकांनी दोन पावसाळी ओढ्यांचं पाणी दगडी तलावांत वळवून त्या खाऱ्या मुलखात शहर चालवलं होतं. 2021 मध्ये जागतिक वारशात नाव गेलं त्याचं. माझ्यासारख्या मापात काम करणाऱ्या माणसाला ते बांधकाम बघून हात जोडावेसे वाटले. मेव्हणा पेट्यांवरचा चिखल पुसत बाहेर बसला होता.

आता हेही ऐका. मागे कोणी बसणार असेल आणि सामानही असेल, तर 125 चा सापुताऱ्याच्या घाटात दम निघतो, मग माझं वरचं सगळं विसरा. हायवेवर 70 च्या पुढे रेटू नका, डावी लेन धरा, अंधार पडायच्या आत मुक्काम गाठा. पाठीचा त्रास असेल तर रेल्वेने भुजला जाऊन तिथून पुढे भाड्याची गाडी घ्या, त्यात कमीपणा नाही. ज्या वर्षी पाऊस दणकून होतो त्या वर्षी डिसेंबरातही रस्त्याच्या बाजूला मिठाऐवजी पाणीच दिसतं, तेव्हा जानेवारीअखेर बरी. आणि मोठी गाडी वाईट असं माझं म्हणणं नाही. ज्याला झेपते त्याने घ्यावी. उतरू नको म्हटल्यावर जो उतरत नाही, त्याला ती झेपते.

खर्चाचं म्हणाल तर किलोमीटर वर दिलेत, तुमच्या गाडीचं ॲव्हरेज तुम्हाला माहीत, भाव पंपावर लिहिलेला असतो. राहण्याचं तुम्ही तंबूत राहता की धर्मशाळेत त्यावर आहे. आमचा नक्की आकडा मेव्हण्याच्या मोबाईलमध्ये आहे. घोंगडं धुण्याचे पैसे त्याने त्यात अजून धरलेले नाहीत.