‘चि.’ कोणाला म्हणायचे?

एडिनबरा

चि. ओंकार यास,
अनेक आशीर्वाद.

तुझे सांगलीहून पाठवलेले पत्र मिळाले. आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शन सोहळ्याच्या निमंत्रणपत्रिकेत तुझ्या नावाआधी ‘चि.’ आणि आजोबांच्या नावाआधी ‘श्री.’ का छापले आहे, असे तू विचारले आहेस. ‘चि.’ म्हणजे चिरंजीव आणि चिरंजीव म्हणजे ज्याला मरण नाही तो, एवढे आजीने सांगितल्यावर तुझा पुढचा प्रश्न तयारच होता, की मग माणूस मोठा झाला की हे ‘चि.’ काढून का घेतात, आणि तो म्हातारा होतोच कशाला. पंगतीत कोणीतरी ‘जुनी पाने गळल्याशिवाय नवी पालवी फुटत नाही’ असे सांगून तुझी समजूत घातली आणि तुला ते पटले नाही, हे वाचून मला बरे वाटले, कारण त्या उत्तरात एक मोठी चूक आहे.

आधी रिवाजाचे सांगते. ‘चि.’ ही माहिती नसून इच्छा आहे, आणि ती थोरल्याने धाकट्यासाठी करायची असते. मी ४४ वर्षांची झाले तरी आजोबांच्या पत्रात माझ्या नावाआधी ‘चि. सौ.’ असतेच. म्हणजे वय वाढल्यामुळे ‘चि.’ जात नाही. ते लिहिणारे वडीलधारे कोणी उरले नाही की जाते. औक्षण हा शब्दही त्याच घरातला आहे. आयुष्य या शब्दाचे बोलीतले रूप औक्ष, आणि ते चिंतून ओवाळणे म्हणजे औक्षण. आजोबांना ८१ दिव्यांनी ओवाळले ते त्यासाठीच. हजार चंद्रांचा हिशेबही कवीकल्पना नव्हे. एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत सरासरी २९.५३ दिवस जातात, तेव्हा हजार पौर्णिमांना २९,५३० दिवस लागतात, म्हणजे ८० वर्षे आणि सुमारे १० महिने. वर्षाला बारा पौर्णिमा धरून तू गुणाकार केलास तर ८० वर्षांत ९६० च भरतील. जवळजवळ ३० पौर्णिमा अधिक महिन्यांतून येतात, हे विसरू नकोस.

पुराणांनी मात्र चिरंजीवपदाचा एक धोका ओळखून ठेवला होता. सात चिरंजीवांमध्ये अश्वत्थामा आहे, आणि कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागत तो अजून दारोदार फिरतो, असे आपल्याकडे सांगतात. त्याला मरण नाही, पण त्याची जखमही भरत नाही. म्हातारपणाचा विचार करताना मला हीच गोष्ट आठवते, कारण खरा प्रश्न शरीर झिजते का हा नसून झीज भरून काढणे कमी का होते हा आहे.

सायकल वापरून झिजते तसे शरीर झिजते, असे समजणे सोपे आहे. परंतु सायकल स्वतःची दुरुस्ती करत नाही आणि शरीर ती अखंड करत असते. रक्तातली तांबडी पेशी सुमारे १२० दिवस टिकते आणि तिच्या जागी नवी येते. कातडी बदलत राहते. हाडसुद्धा आतून पोखरले जाते आणि पुन्हा भरले जाते. काही ठिकाणी मात्र ही सोय नाही. डोळ्याच्या भिंगाच्या गाभ्यातली प्रथिने तू जन्मण्यापूर्वी तयार झाली आणि ती आयुष्यभर बदलली जात नाहीत. ती हळूहळू ताठर होतात, भिंगाला जवळच्या वस्तूसाठी फुगता येत नाही, आणि माणसाला ‘चाळिशी’ लागते. चष्म्यालाच वयाचे नाव देणारी आपली भाषा या बाबतीत फार नेमकी आहे. पुढे तीच प्रथिने एकमेकांना चिकटून गढूळ झाली की मोतीबिंदू होतो.

पण नुसत्या झिजेने सगळे उलगडत नाही. उंदीर दोन-तीन वर्षांत म्हातारा होतो, आणि आफ्रिकेत जमिनीखाली बिळांत राहणारा, केस नसलेला एक उंदरासारखा प्राणी तीस वर्षांहून अधिक जगतो. दोघांचे रक्तमांस सारखेच, तरी दुरुस्तीवर होणारा खर्च निराळा. तो कोण ठरवते?

आता पालवीच्या उत्तराकडे येते. जुन्यांनी जागा मोकळी करावी म्हणून मरण आले, असे ऑगस्ट वाइसमान या जर्मन शास्त्रज्ञानेही १८८१ च्या सुमारास मांडले होते, तेव्हा पंगतीतल्या गृहस्थांची संगत वाईट नाही. मात्र झाडाची पाने गळतात तेव्हा झाड मरत नसते. पाने झाडासाठीच गळतात. माणसे ही एखाद्या झाडाची पाने नव्हेत. समजा, दुसऱ्यांसाठी लवकर मरणाऱ्या प्राण्यांच्या कळपात एक जण जास्त जगला आणि त्याला जास्त पिले झाली, तर पुढच्या पिढ्यांत त्याचेच गुण पसरतील आणि त्यागी प्राणी संपतील. शिवाय रानात म्हातारपणापर्यंत पोचतो कोण? भूक, रोग आणि शिकारी बहुतेकांना त्याआधीच गाठतात, त्यामुळे जागा मोकळी करायला म्हातारपणाची गरजच पडत नाही.

याच मुद्द्यातून खरे उत्तर निघाले. जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन, जे पुढे भारताचे नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले, त्यांना हंटिंग्टनच्या आजाराचे नवल वाटले होते. मेंदू हळूहळू निकामी करणारा हा आनुवंशिक आजार इतका भयंकर असून टिकला कसा? तर तो बहुधा तिशी-चाळिशीत उमटतो, तोपर्यंत माणसाला मुले झालेली असतात आणि दोष पुढच्या पिढीत गेलेला असतो. पीटर मेडावार या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९५२ मध्ये यालाच व्यापक रूप दिले. जो दोष तरुणपणी घात करतो त्याला निसर्गाची चाळणी अडवते. उतारवयात घात करणाऱ्या दोषापर्यंत ती चाळणी पोचतच नाही, आणि असे दोष साचत जातात. १९५७ मध्ये जॉर्ज विल्यम्स यांनी आणखी एक पाऊल टाकले. एखादा जनुक तरुणपणी हाड लवकर भरून आणत असेल आणि म्हातारपणी तोच रक्तवाहिन्या कडक करत असेल, तरी तो टिकेल, कारण फायदा आधी मिळतो आणि बिल नंतर येते.

मला सर्वांत पटते ती टॉमस कर्कवुड यांनी १९७७ मध्ये केलेली मांडणी, आणि ती समजायला तू अगदी योग्य ठिकाणी आहेस. मामाच्या शेतावर जा. उसाची लागण बी पेरून करत नाहीत. डोळे असलेल्या टिपऱ्या पुरतात. आपल्या भागात सर्रास दिसणारा को ८६०३२ हा ऊस म्हणजे एकाच मूळ रोपाच्या टिपऱ्या, टिपऱ्यांच्या टिपऱ्या, अशा वर्षानुवर्षे चालत आलेल्या. तो मूळ ऊस म्हातारा झाला असे कोणत्या दिवशी म्हणायचे? उसाच्या प्रत्येक पेऱ्यावर पुन्हा सुरुवात करण्याची सोय आहे. आपल्या शरीरात ती सोय फक्त पुढची पिढी घडवणाऱ्या पेशींकडे आहे. बाकीचे शरीर कारखान्याला जाणाऱ्या उसासारखे आहे. मिळालेले अन्न मर्यादित असते, त्यातून मुले वाढवायची, रोगाशी लढायचे आणि दुरुस्तीही करायची. रानात बहुधा जितकी वर्षे मिळत, तितक्यांना पुरेल एवढीच दुरुस्ती करण्यात शहाणपण होते. बिळात सुरक्षित राहणाऱ्या त्या प्राण्याला जास्त दुरुस्ती परवडते. उघड्यावरच्या उंदराला परवडत नाही. सह्याद्रीतली कारवी तर सात-आठ वर्षे साठवलेले सगळे एकाच बहरात उधळते, बी धरते आणि वाळून जाते. तेही दुसऱ्यांना जागा देण्यासाठी नव्हे, स्वतःचे बी अधिक जगावे म्हणून.

हा काटकसरीचा कारभार पेशींतही दिसतो. १९६१ मध्ये लेनर्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी दाखवले, की माणसाच्या पेशी प्रयोगशाळेत साधारण पन्नास वेळा विभागून थांबतात. गुणसूत्रांच्या टोकांना, आजीच्या वाकळेला असतो तसा, एक राखीव काठ असतो आणि प्रत्येक विभाजनात तो थोडा उसवतो. काठ संपला की पेशी विभागणे सोडते. पण मरतेच असे नाही, शेजारच्या पेशींना सूज आणणारी रसायने सोडत बसते. ही टोके कशी राखली जातात हे शोधल्याबद्दल एलिझाबेथ ब्लॅकबर्न, कॅरोल ग्रायडर आणि जॅक शोस्टॅक यांना २००९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. काठ अमर्याद का ठेवला नाही, असे तू विचारशील. अमर्याद विभागणाऱ्या पेशीला आपण कॅन्सर म्हणतो.

दुरुस्तीचा हा हिशेब अढळ मात्र नाही. क्लाइव्ह मॅके यांनी १९३५ मध्ये उंदरांना पोषक पण मोजके अन्न देऊन जास्त जगवले, आणि सिंथिया केनयन यांनी १९९३ मध्ये एका सूक्ष्म कृमीचा एकच जनुक बदलून त्याचे आयुष्य दुप्पट केले. कृमी जगला म्हणून माणूस जगेल असे नाही. तारुण्य देणाऱ्या गोळ्यांच्या जाहिराती आजोबांना पाठवणाऱ्या मामाला हे माझ्या नावाने सांग.

तुला एक काम देते. छापलेले वर्तमानपत्र घे, पट्टी घे, आणि चष्म्याशिवाय किती जवळ धरल्यावर अक्षरे स्पष्ट दिसतात ते तुझे, मामाचे आणि आजोबांचे मोजून ठेव. ज्याला लांबचा चष्मा आहे त्याला वगळ, नाही तर हिशेब चुकेल. तुझे अंतर दहा सेंटीमीटरच्या आसपास यावे, मामाचे त्याच्या कितीतरी पट. आकडे मला लिहून कळव, मी माझा कळवीन.

ती. आजीआजोबांना माझा शि. सा. नमस्कार सांग.

तुझी,
आई