खाणीचा पैसा: आजचा की नातवंडांचा?

प्रश्न : आमच्या गोव्यातल्या डिचोली तालुक्यातून वर्षानुवर्षं खनिजाचे ट्रक गेले. त्यातला काही पैसा सरकार कायमचा बाजूला ठेवतं म्हणे. मग तो आमच्या रस्त्यांवर, नळांवर का खर्च करत नाहीत?

उत्तर : तुमची चीड रास्त आहे, पण हे दोन निधी वेगळे. पाणी, रस्ते, दवाखाना यांसाठी जिल्हा खनिज निधी आहे, २०१५च्या कायदादुरुस्तीतून आलेला. तो हक्काने मागा, ग्रामसभेत ठराव घ्या.

तुम्ही म्हणता तो लोहखनिज कायम निधी. २१ एप्रिल २०१४च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने खनिजविक्रीच्या रकमेतले १० टक्के त्यात भरायला सांगितले, पुढच्या पिढ्यांचा विचार करून. मांडवी नदीतल्या बार्जवर, म्हणजे मालवाहू नौकेवर, चढलेलं खनिज पुन्हा डोंगरात येत नाही. म्हणून मी ठामपणे सांगते, मुद्दलाला हात लावू नये.

नॉर्वेने तेलाच्या पैशाबाबत हेच केलं. सगळी गुंतवणूक देशाबाहेर, आणि २०१७पासून सरकारने वर्षाला सरासरी त्या निधीच्या ३ टक्क्यांच्या आसपासच खर्च करावा असा दंडक. आधी तो ४ होता. कोणत्या कंपन्यांत पैसा गुंतवू नये हे सुचवायला २००४ साली तिथे नीतिपरिषद नेमली. तंबाखू बनवणाऱ्या कंपन्या वगळल्या, वगळण्याची कारणंही जाहीर केली. मला त्यातलं हे जाहीर करणं सर्वांत मोलाचं वाटतं.

तेव्हा माहितीच्या अधिकारात खाण खात्याला अर्ज करा: कायम निधीत किती जमा, कुठे गुंतवले, व्याज किती, खर्च कुणाच्या सहीने?